छोटा नमुना, नवं तंत्र: टॅटिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी टॅटिंगवरच्या, म्हणजे शटल या धागा भरलेल्या छोट्या साधनाने गाठी घालत लेस करण्याच्या कामावरच्या, पत्रांचा ढीग मोठा आहे. रिंग म्हणजे ओढून बंद केलेलं टाक्यांचं वेटोळं, चेन म्हणजे टाक्यांची उघडी कमान, आणि पिको म्हणजे दोन टाक्यांमध्ये सोडलेला धाग्याचा छोटा फास. बहुतेक पत्रं अशांची आहेत ज्यांना शटल धरता येतं, रिंग होते, चेन होते आणि आता पुढे काय करावं ते कळत नाही. त्यामुळे शटल कसं धरायचं, पहिला टाका कसा घालायचा हे या अंकात घेत नाही. त्याच्या पुढच्या प्रश्नांनाच जागा देते.

ताई, मला रिंग, चेन आणि पिको बऱ्यापैकी जमतात. नवी तंत्रं शिकायची म्हणून एक मोठी डॉयली, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांचं गोल लेसचं आसन, हातात घेतली. तिसऱ्या फेरीत शटलने जोडायचा प्रकार आला आणि तिथे अडकले. तीनदा प्रयत्न केला, शेवटी धागा कापावा लागला. आता ती पिशवीतून काढावीशीच वाटत नाही. नवं तंत्र शिकायची सुरुवात कुठून करावी?

डॉयली पिशवीतच राहू दे, तिला काही होत नाही. तुम्ही तंत्र निवडलंत ते ठीक, जागा चुकीची निवडलीत. क्रोशाचं काम चुकलं तर धागा ओढला की सरसर उसवतं, पुन्हा विणता येतं. टॅटिंगमध्ये प्रत्येक टाका ही गाठ असते. ती सुईने, एकेक करून सोडवावी लागते, आणि तीनदा सोडवलेला धागा पिंजून जातो. म्हणजे तिसऱ्या फेरीत नवं काही करून बघायचं तर आधीच्या दोन फेऱ्या पणाला लागतात. अशा भीतीत हात शिकत नाही.

त्यापेक्षा एक अगदी छोटा नमुना पाठ करून टाका आणि प्रत्येक नवं तंत्र त्याच्यावरच करून बघा. मी शिकवताना चार रिंगांचा एक नमुना वापरते, तो असा:

पहिली रिंग: ६ – ४ – ६. म्हणजे सहा टाके, पिको, चार टाके, पिको, सहा टाके, मग रिंग बंद. काम पलटा. चेन: ४ – ४ – ४. काम पलटा. दुसरी रिंग: सहा टाके, पहिल्या रिंगच्या जवळच्या पिकोला जोड (डाव्या हाताच्या धाग्याचा फास पिकोतून काढून त्यातून शटल घालायचं), चार टाके, पिको, सहा टाके, बंद. पुन्हा चेन. तिसरी रिंग दुसरीसारखीच. चौथ्या रिंगला सहा टाक्यांनंतर तिसरीशी जोड, चार टाक्यांनंतर पहिल्या रिंगच्या मोकळ्या राहिलेल्या पिकोशी जोड, मग सहा टाके आणि बंद. शेवटची चेन केली की धागे पहिल्या रिंगच्या बुडाशी येतात. तिथे गाठ मारून संपवायचं.

एकूण एकशे बारा टाके होतात. रिंगांची डोकी आत, मध्यभागी एक बारीक भोक, बाहेरून चेनच्या चार कमानी. दहा नंबरच्या धाग्यात हा नमुना साधारण दोन-अडीच सेंटीमीटरचा होतो. नंबर जितका मोठा तितका धागा बारीक, हे लक्षात ठेवून सरावासाठी दहा किंवा वीस नंबर घ्या. चाळीस आणि ऐंशी हे तयार हाताचे धागे. त्यांत चूक झाली तरी दिसत नाही, आणि शिकताना चूक दिसलीच पाहिजे.

आता महत्त्वाचं: शटलवर एक रंग भरा आणि गुंडा दुसऱ्या रंगाचा घ्या. गडद आणि फिकट, पण काळा नको. काळ्या धाग्यात टाके मोजताच येत नाहीत. रिंगा शटलच्या रंगाच्या होतील, चेन गुंड्याच्या रंगाची. चेनमध्ये कुठे शटलचा रंग डोकावला तर समजा की त्या टाक्यात गाठ पलटलीच नाही, म्हणजे ती शटलच्या धाग्यावरून गुंड्याच्या धाग्यावर गेलीच नाही. मी शेजारी बसून सांगण्यापेक्षा हे दोन रंग जास्त स्पष्ट सांगतात.

पहिले काही नमुने आहेत तसेच करा, नवं काही न घालता. टेबलावर ठेवून पाहा. वाटीसारखा वर उचलला जात असेल तर चेन घट्ट ओढल्या जाताहेत. कडा लाटेसारख्या हलत असतील तर चेन सैल आहेत. सपाट बसू लागला की मग एका नमुन्यात एकच नवी गोष्ट घाला. एकच. दोन नव्या गोष्टी एकत्र आल्या की काय बिघडलं ते कळत नाही. बिघडलेला नमुना उसवू नका, पुढचा सुरू करा. त्याला कागदाची चिठ्ठी बांधा, धाग्याचा नंबर आणि काय करून पाहिलं ते लिहा, आणि सगळे एका डब्यात टाका. तुमच्या शेवटच्या आणि आधीच्या नमुन्यात काय फरक पडला हे डोळ्यांनी दिसतं, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही.

शटलने जोडायचा तुमचा प्रश्न बाकी आहे, त्याचं उत्तर खाली वेगळं देते.

चौथी रिंग पहिलीला जोडते तेव्हा पिको हमखास पिळतो. बाकीचे तीन जोड छान बसतात. मी काय वेगळं करते?

तुम्ही काही वेगळं करत नाही आहात, आणि अडचण तीच आहे. शेवटचा जोड वेगळ्या पद्धतीनेच करावा लागतो.

आधीच्या तीन जोडांत जोडायचा पिको तुमच्या रिंगच्या डाव्या बाजूला, सरळ हाताशी असतो. चौथ्या रिंगच्या वेळी पहिली रिंग उजवीकडे असते. तिला ओढून आणून नेहमीसारखं जोडलं की काम पुन्हा पसरताना पिकोला अर्धा पीळ पडतो. गोल नमुन्यांत सगळीकडे हेच होतं. मोठ्या डॉयलीत तो एक पीळ नजरेआड होतो, या नमुन्यात चार जोडांपैकी एक पिळलेला लगेच खुपतो. म्हणून तर हा नमुना चांगला.

चौथ्या रिंगचे दुसऱ्या जोडापर्यंतचे टाके घाला. डाव्या हातावरची रिंग तशीच ठेवा. आता पुस्तक मिटावं तसं काम घडी करून पहिली रिंग चालू रिंगच्या वर आणा, तिची उलटी बाजू तुमच्याकडे येईल. तिच्या मोकळ्या पिकोत क्रोशाची बारीक सुई घाला. सुई फिरवून पिकोला अर्धा वळसा द्या. मग डाव्या हाताच्या धाग्याचा फास पिकोतून वर काढा, त्यातून शटल घाला, धागा सारखा करा. घडी उलगडा आणि लगेच बघा, पुढचा टाका घालायच्या आधी. पिको सपाट असेल तर पुढे चला. पीळ दिसला तर फास सोडा आणि सुई उलट्या दिशेने फिरवून पुन्हा करा. कुठल्या दिशेने वळवायचं ते पाठ करण्यात अर्थ नाही. पिको पुढून धरला की मागून, यावर दिशा बदलते, आणि घडी उलगडली की उत्तर समोरच असतं.

वळवायला जागा हवी म्हणून पहिल्या रिंगचा तो पिको इतरांपेक्षा थोडा मोठा ठेवा. नुसता हाच जोड शिकायचा असेल तर चेन करूच नका. चार रिंगा लागोपाठ, मध्ये थोडा मोकळा धागा सोडून केल्या तरी चालतात. दिसायला ओबडधोबड, पण शेवटच्या जोडापर्यंत अर्ध्या वेळात पोचता.

जोड केल्यावर तो टाक्यात मोजायचा की नाही? दोन ठिकाणी दोन गोष्टी वाचल्या.

दोन्ही पद्धती चालतात. टॅटिंगचा टाका दोन अर्ध्यांचा मिळून होतो, आणि साधा जोड म्हणजे दिसायला अर्धा टाकाच असतो. काहीजणी त्यानंतर दुसरा अर्धा घालून तो पुढच्या गटातला पहिला टाका धरतात. काहीजणी जोड पिकोच्या जागी धरून पुढचे टाके पूर्ण घालतात. मी दुसरी पद्धत वापरते, कारण मोजायला सोपी आहे. पण एका कामात एकच पद्धत. निम्मे जोड असे आणि निम्मे तसे झाले तर रिंगा लहानमोठ्या दिसतात, आणि मग दोष धाग्याला दिला जातो.

एक गोष्ट मात्र दोन्ही पद्धतींत सारखी: जोड झाल्यावर शटल हलकेच ओढून आतला धागा सरकतो का ते पाहा. सरकत नसेल तर रिंग पूर्ण होईपर्यंत थांबू नका, तेव्हाच सोडवा.

मी दहावीत आहे. आजीने शटल दिलं. माझी रिंग कधी कधी बंदच होत नाही. ओढलं तर धागा तुटतो. आजी म्हणते हात घट्ट आहे.

आजीला नमस्कार सांग, पण हे हाताच्या घट्टपणामुळे नाही. घट्ट टाके असले तरी रिंग बंद होते, फक्त जोर लागतो. अजिबात बंद होत नाही याचा अर्थ एखादा अर्धा टाका पलटलेला नाही. तुझ्या शटलचा धागा आतून सरळ जायला हवा आणि डाव्या हाताचा धागा त्याच्याभोवती गुंडाळलेला. शटल ओढताना डाव्या हाताची बोटं क्षणभर सैल सोडली नाहीत की उलटं होतं. शटलचाच धागा गाठ बनतो आणि तिथे कुलूप लागतं. सोळा टाक्यांत असा एक अर्धा टाका पुरतो.

प्रत्येक टाक्यानंतर तो आतल्या धाग्यावर पुढेमागे सरकवून बघायची सवय लाव. त्यात एक सेकंद जातो. रिंग अडलीच तर ओढू नकोस. शेवटच्या टाक्यापासून एकेक टाका सरकवत मागे जा. जो हलत नाही तोच गुन्हेगार. तिथपर्यंत सोडव, बोथट सुईने.

आणि परीक्षा झाल्यावर पुन्हा लिही.

बंद झालेली रिंग उघडता येते का? चूक नेहमी बंद केल्यावरच दिसते.

येते. रिंगमधला शेवटचा पिको शोधा. त्याच्या दोन्ही बाजूंचे टाके नखांनी चिमटीत धरून एकमेकांपासून लांब ओढा. पिकोच्या बुडाशी आतल्या धाग्याचा बारीकसा तुकडा दिसू लागेल. तिथे बोथट सुई घालून तो थोडा वर ओढा, म्हणजे शेवटच्या टाक्यांच्या बाजूने धागा मागे येतो आणि रिंग उघडते. रिंगला पिकोच नसेल तर हे फार अवघड जातं. गुळगुळीत, पीळदार सुती धाग्यात हे जमतं. बारीक धाग्यात बहुधा तुटतं, तिथे प्रयत्न न केलेला बरा. सरावाच्या नमुन्यात मात्र एकदा मुद्दाम रिंग बंद करून उघडा. मोठ्या कामात वेळ आली की हात थरथरत नाहीत.

पिको एकसारखे कसे करायचे? माझे एक उंच एक बुटका होतात.

पुठ्ठ्याची पट्टी कापा. दोन टाक्यांच्या मध्ये ती उभी धरा, धागा पट्टीवरून न्या, पुढचा टाका घाला, मग पट्टी काढून टाके एकमेकांना भिडवा. पट्टीची रुंदी तीच पिकोची उंची. पट्टी न वापरता नुसती मोकळी जागा सोडत असाल तर ती जागा पिकोच्या उंचीच्या दुप्पट हवी, कारण धागा वर जाऊन खाली येतो. तीन मिलिमीटरचा पिको हवा तर सहा मिलिमीटर सोडा. जोडायचे पिको लहान ठेवा, शोभेचे हवे तेवढे मोठे. या नमुन्यात रिंगांचे पिको जोडायचे आहेत आणि चेनचे शोभेचे, त्यामुळे दोन पट्ट्या लागतील. काही महिन्यांनी पट्टी आपोआप बाजूला पडते.

शटलने जोडणं म्हणजे नेमकं काय, आणि साधा जोड असताना त्याची गरज काय?

पहिल्या पत्रातल्या डॉयलीवाल्या बाईंसाठीही हे उत्तर.

साध्या जोडात डाव्या हाताच्या धाग्याचा फास पिकोतून काढतो. शटल-जोडात शटलच्या धाग्याचा, म्हणजे आतल्या धाग्याचाच फास पिकोतून काढायचा, त्यातून शटल घालायचं आणि ओढायचं. एवढाच फरक. परिणाम मात्र मोठा. आतला धागाच पिकोत अडकला, त्यामुळे तो आता पुढेमागे सरकणार नाही. मागची चेन जशी होती तशी कायमची राहते. म्हणून जोडायच्या आधी चेनची कमान हवी तशी करून घ्यायची, टाके एकमेकांना भिडवायचे, सैल हवी की ताठ ते ठरवायचं. बहुतेकींची इथेच फजिती होते. आधी जोडतात आणि मग चेन नीट करायला जातात.

रिंगच्या मध्यात शटल-जोड कधीच नाही. आतला धागा अडकला की रिंग बंद व्हायची नाही. चेनच्या मध्यात किंवा दोन चेनच्या मध्ये चालतो. चेनची कमान दुसऱ्या चेनवर नेऊन टेकवायची असते तिथे हाच जोड लागतो, कारण साध्या जोडात कमानीला टोक येत नाही, ती गोलसर वळते.

सरावासाठी आपल्या नमुन्याभोवती दुसरी फेरी करा. गुंड्यावरून शटल भरा आणि धागा कापू नका, म्हणजे शटल आणि गुंडा एकाच धाग्याचे राहतील. चेनच्या कुठल्याही पिकोतून मधल्या धाग्याचा फास काढून त्यातून शटल घाला. हाच पहिला शटल-जोड, आणि सुरुवातीला लपवायचं टोकही नाही. मग एकाच कमानीवरच्या दोन पिकोंमध्ये सहा टाक्यांची चेन, शटल-जोड. पुढच्या कमानीवर जाताना पाच टाके, पिको, पाच टाके, शटल-जोड. असं आळीपाळीने गोल फिरायचं. आठ जोड होतात, आणि आठव्यापर्यंत हात बसतो. एखादा टाका कमीजास्त तुमच्या हाताप्रमाणे करा. मी दिलेले आकडे मध्यम हाताचे आहेत.

दोन रंग वापरलेत तर प्रत्येक शटल-जोडाशी आतल्या रंगाचा एक ठिपका दिसेल. तो चुकीचा नाही, तो या जोडाचाच भाग आहे. नको असेल तर एकाच रंगात करा.

स्प्लिट रिंग याच नमुन्यात कशी बसवायची?

बसवू नका. मी खूपजणींना बघते, शिकायचा नमुना एकदा आवडला की सगळं त्याच्यातच कोंबायला जातात. आपल्या नमुन्यात रिंगांची डोकी मध्यभागी आहेत. तिथे धागा बाहेर काढून करणार काय? स्प्लिट रिंगचा उपयोग असा की रिंगच्या बुडापाशी सुरू होऊन धागे दुसऱ्या टोकाला निघतात. म्हणजे एका रिंगवरून पुढच्या रिंगवर किंवा एका फेरीवरून पुढच्या फेरीवर न कापता जाता येतं. तिच्यासाठी रिंगांची सरळ पट्टी करा, बस.

दोन शटल, दोन रंग. पहिल्या शटलने आठ टाके नेहमीसारखे. मग डाव्या हातावरचा फास तसाच ठेवून हात वळवा आणि रिंगच्या उरलेल्या भागावर दुसऱ्या शटलने आठ टाके घाला. पण हे टाके पलटायचे नाहीत. इथे दुसऱ्या शटलचा धागाच गाठ बनतो आणि पहिल्याचा धागा आत सरळ राहतो. वर दहावीतल्या मुलीला जी चूक म्हणून सांगितली, तीच इथे मुद्दाम करायची. शेवटी पहिलं शटल ओढून रिंग बंद. अर्धी रिंग एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. पुढची रिंग जिथे धागे निघाले तिथून सुरू.

हात इथे गोंधळतो कारण न पलटण्यासाठी डावा हात ताठ ठेवावा लागतो, आणि आजवर तो सैल सोडायची सवय लावली आहे. दुसऱ्या बाजूचे टाके सुरुवातीला विरळ पडतात. काही रिंगांनंतर जवळ येतात.

दोन शटल हातात आहेतच तर आणखी एक करून पाहा, आणि हे आपल्या नमुन्यात बसतं. गुंड्याऐवजी दुसरं शटल वापरलंत तर चेनच्या मध्यावर, चेनच्या धाग्यानेच, एक छोटी रिंग टाकता येते. ती फक्त पहिल्या अर्ध्या टाक्यांची करा, दहाबारा. तिला जोसेफाइन रिंग म्हणतात. अर्धेच टाके असल्याने ती किंचित पिळते आणि कळीसारखी उठून दिसते. बंद करताना सावकाश, झटका दिला तर टाके एकावर एक चढतात.

माझ्या रिंगा एका बाजूने छान दिसतात आणि चेन दुसऱ्या बाजूने. पिकोच्या बुडाशी बारीक फुगवटे येतात. हे दोष आहेत का?

नाहीत. दर वेळी काम पलटता, म्हणून रिंगांची सुलटी बाजू एकीकडे आणि चेनची दुसरीकडे येते. जुन्या नमुन्यांत याची कुणी फिकीर केलेली नसते. हल्ली बऱ्याचजणी सगळ्या सुलट्या बाजू एकीकडे आणतात. त्यासाठी चेन करताना अर्ध्या टाक्यांचा क्रम उलटा करायचा, आधी दुसरा अर्धा मग पहिला, आणि त्या बाजूचे जोड धागा वरून खाली ओढून करायचे.

करून बघा, एखादा नमुना असा आणि एखादा तसा, शेजारी ठेवा. कापडावर बसणाऱ्या, एकच बाजू दिसणाऱ्या कामात फरक सुंदर दिसतो. रुमालाच्या कडेला मी हे करत नाही. रुमाल दोन्ही बाजूंनी दिसतो आणि मग एक बाजू चांगली करण्यासाठी दुसरी सगळी उलटी होते.

जुन्या नमुन्यात रिंगा सुट्या करून नंतर शिवायला सांगितलं आहे. हे बरोबर आहे का?

त्या काळात तसंच करत असत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिंगा सुट्या करून गाठीने किंवा सुईने एकमेकींना जोडत. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी टॅटिंगच्या पुस्तिका काढायला सुरुवात केली, आणि काम करता करताच पिकोतून जोडण्याची रीत त्याच सुमारास रूढ झाली. दुसऱ्या धाग्यावरची चेन त्यानंतरची. तुमचा नमुना जुन्या पद्धतीचा असेल तर शिवायच्या जागी सरळ साधा जोड वापरा. फक्त जिथे जोड येणार तिथे पिको ठेवावा लागेल, तो आधीच मोजून ठेवा.

टोकं कशी लपवायची? गाठीवर डिंक लावला तर चालेल का?

माझं उत्तर: नाही. तो जागा कडक करतो आणि कडक झालेल्या जागेवर ऊन पडलं की डाग दिसतो.

आपल्या दोन रंगांच्या नमुन्यात चार टोकं एकाच जागी येतात, दोन सुरुवातीची आणि दोन शेवटची. सरावाला यापेक्षा चांगली अडचण कुठे मिळणार? सोपी रीत म्हणजे बारीक सुईत टोक ओवून, त्याच रंगाच्या टाक्यांच्या पोटातून काही टाके पुढे नेऊन कापणं. दुसऱ्या रीतीची तयारी आधीच करावी लागते. शेवटची चेन सुरू करताना बारीक पण मजबूत धाग्याचा एक दुमडलेला फास आतल्या धाग्याबरोबर ठेवा आणि त्याच्यावरून टाके घाला. दुमडीचं टोक चेनच्या शेवटी बाहेर डोकावलं पाहिजे. चेन संपली की टोक त्या दुमडीत ओवा आणि दुसऱ्या बाजूने फास ओढून घ्या. टोक टाक्यांच्या आत जातं. फार घट्ट टाके असले तर फास तुटतो, तेव्हा त्या पाचसहा टाक्यांपुरता हात सैल ठेवा.

शटल कोणतं घ्यावं? चोचीचं की बॉबिनचं?

चोचीचं, म्हणजे ज्याच्या मिटलेल्या टोकांतून धागा ओढून काढायचा ते; बॉबिनच्यात धागा आतल्या सुट्या रिळावर असतो. टोकाला आकडा असेल तर जोडासाठी वेगळी सुई लागत नाही, आणि दोन्ही टोकं धाग्यावर बरोबर मिटत असतील तर शटल लोंबकळत ठेवलं तरी धागा आपोआप सुटत नाही. दुकानात शटल हातात घेऊन टोकांतून धागा ओढून बघा. हलकासा टक आवाज यायला हवा. बॉबिनचं शटल लांब, एकरंगी कामाला सोयीचं. सरावासाठी रंग सारखे बदलायचे असतात, तिथे चोचीची तीनचार साधी शटलं जास्त उपयोगी पडतात. भरताना धागा कडेच्या बाहेर येऊ देऊ नका, नाहीतर प्रत्येक टाक्याला तो डाव्या हाताच्या धाग्याला घासतो आणि मळतो.